केडीके म्हणजे कोण रे भाऊ?

मागच्या वीकांताला नागपूरला घरी गेलो होतो. घर म्हणजे नंदनवन. संध्याकाळी ग्रेट नाग रोडवर टपरीवर चहा घेत उभा होतो. बाजूला चार पोरं, पाठीला सॅक, विषय अर्थातच पॅकेज. समोरून 'केडीके, केडीके' करत एक ऑटो गेला. मला उगाच खाज. एकाला विचारलं, "केडीके म्हणजे कोण रे भाऊ?"

"कॉलेज आहे न काका, इंजिनिअरिंगचं."

(काका! चला, असो.)

"कॉलेज माहीत आहे. पण के, डी, के म्हणजे कोण?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. "असतील कोणीतरी. संस्थापक वगैरे." तेवढ्यात चहा आला आणि विषय संपला.

आता इथे 'आजकालची पिढी' छापाचं भाषण ठोकायचा मोह होतो. पण मंडळी, खरं सांगतो, त्या रस्त्यावरून मी अठरा वर्षं आधी सायकल आणि मग लूना हाकली, आणि ती तीन अक्षरं मला फोडता आली तेव्हा तिशी ओलांडली होती. तेही पुण्यात बसून, कुणाचा तरी बायोडेटा वाचताना. कर्मवीर दादासाहेब कन्नमवार. तेव्हा पोरांना काय बोलणार, कप्पाळ.

तर, मारोतराव कन्नमवार. जन्म १० जानेवारी १९००, चांदा म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा. घरची गरिबी. शाळकरी वयात वर्तमानपत्रं विकली. मग काँग्रेस, चळवळ, तुरुंग. नागपूर जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होतं तेव्हा तिथे आरोग्यमंत्री. १९६० ला महाराष्ट्र झाला, त्यात बांधकाम आणि दळणवळण खातं. चीन युद्धात यशवंतराव चव्हाणांना दिल्लीनं संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं, आणि २० नोव्हेंबर १९६२ ला कन्नमवार मुख्यमंत्री झाले. राज्याचे दुसरे, विदर्भातले पहिले. २४ नोव्हेंबर १९६३ ला पदावर असतानाच गेले. म्हणजे एक वर्ष आणि चार दिवस. मुख्यमंत्रिपदावर असताना मृत्यू आलेले महाराष्ट्राचे ते आजवरचे एकटेच.

आता जरा ती तारीख पुन्हा बघा. त्याच्या दोनच दिवस आधी, २२ नोव्हेंबरला, डॅलसला केनेडीला गोळी घातली. आणि २४ तारखेला त्या ऑस्वाल्डलाही टीव्ही कॅमेऱ्यांसमोर उडवला. पोरवयात पेपर विकणारा माणूस गेला तो नेमका अशा आठवड्यात, की जगभरच्या पेपरांना दुसरी बातमी सुचत नव्हती. केनेडीला कुणी मारलं यावर माझ्या ऑफिसातले निदान पाच जण लंचमध्ये तासभर वाद घालू शकतात, दुसऱ्या गोळीच्या कोनासकट. त्यातले तिघे नागपूरचे आहेत. (चौथा मी.)

माझं भांडण इथे आहे. आपण, म्हणजे लॅपटॉपवाले, ईएमआयवाले, शनिवारी ब्रंच करणारे, एक वाक्य फार सहज फेकतो: "सगळे पुढारी सारखेच." अरे, कशावरून? किती बघितले? साध्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतानाही चार केसेस चालवून 'सगळं नापास' असं लिहून दिलं तर लीड जोड्यानं मारेल. इथे आपण एकही केस न चालवता रिपोर्ट देऊन मोकळे. ज्याच्या नावाच्या कॉलेजसमोर आयुष्य गेलं त्याचा डेटासुद्धा आपल्याकडे नाही, आणि निष्कर्ष मात्र तयार.

दुसरी बाजू याहून वाईट आहे. ती बाजू नावं देते. चौकाला द्या, नगराला द्या, विद्यापीठाला द्या. नाव देण्यासाठी निवेदनं, मोर्चे. मग फलक, हार, भाषण. दुसऱ्या दिवसापासून लोक त्याची अक्षरं करून टाकतात. नागपुरात तर आपण यात उस्ताद. एलआयटीतले 'एल' म्हणजे ज्यांच्या देणगीतून ती संस्था उभी राहिली ते लक्ष्मीनारायण, हे तिथे शिकलेल्यांपैकी किती जण सांगतील? नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव दिलं, आपण आजही 'नागपूर युनिव्हर्सिटी'च म्हणतो. विश्वेश्वरय्या तेवढे व्हीएनआयटीत शिरूनही वाचले, कारण ते इंजिनिअर होते, आपल्यातले होते, आणि १५ सप्टेंबरला फॉरवर्ड करायला बरे पडतात :-)

मुंबईत विक्रोळीला कन्नमवार नगर आहे. म्हाडाची मोठी वसाहत, एक नंबर, दोन नंबर. माझा एक मित्र तिथेच वाढला. त्याला तिथल्या रिडेव्हलपमेंटचा भाव इमारतीगणिक पाठ आहे. कन्नमवार कोण, विचारलं तर म्हणाला, "जुनं गावाचं नाव असेल यार." म्हणजे माणूस नागपुरात तीन अक्षरं झाला आणि मुंबईत पिन कोड. आता चंद्रपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजलाही त्यांचं नाव आहे. तिथली पोरं काय म्हणतील हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि 'कर्मवीर'! हे विशेषण लावलं की आपण सुटलो. कुठलं कर्म बाप्पा? ते विचारायचं नाही. आरोग्यमंत्री असताना कुठल्या गावात दवाखाना झाला, कुठे राहून गेला? बांधकाम खात्यात असताना चांद्या-गडचिरोलीकडे रस्ते किती गेले? १९५६ ला नागपूरची राजधानी गेली, आणि सहाच वर्षांत याच मातीतला माणूस मुंबईत मुख्यमंत्र्याच्या खुर्चीत बसला. त्यानं विदर्भासाठी काय मागितलं, काय मिळालं, कुठे गप्प बसला? अनुशेषावर चहाच्या टपरीवर तासन्‌तास घसा फोडणारे आपण, विदर्भाच्या पहिल्या मुख्यमंत्र्याच्या एका वर्षाचा हिशोब मात्र कधी मागितला नाही. तो देव नव्हता, पक्षाचा पक्का राजकारणी होता. म्हणूनच हार घालून भागत नाही. लोकांची नोकरी केलेल्या माणसाच्या कामाचा ताळा करणं हाच त्याचा मान, असं मला वाटतं. त्यात चुका निघाल्या तर निघू देत.

कुणी म्हणेल, पुस्तकं आहेत, विधानमंडळाच्या कामकाजाच्या नोंदी आहेत, ज्याला हवं तो वाचेल. बरोबर आहे. कागद कुठे पळून जात नाहीत. पळून जातात ती माणसं.

आमच्या गल्लीत एक काका राहायचे. जुन्या मध्यप्रदेशाच्या सचिवालयात कारकून म्हणून लागले, राज्य बदललं तसे मुंबईला गेले, रिटायर होऊन नंदनवनात आले. मी सुटीत घरी आलो की गॅलरीतून हाक मारायचे. "ये न बेटा, बस. कन्नमवार साहेबांच्या वेळेची गोष्ट सांगतो, फाइल कशी फिरायची तेव्हा..." मी घड्याळाकडे बघून, "काका, पुढच्या वेळी नक्की." तसं मी किती वेळा म्हणालो ते मोजलं नाही. फाइल कशी फिरायची! व्वा, काय विषय आहे! मी स्वतः आठ वर्षं वर्कफ्लोची सॉफ्टवेअरं लिहून पोट भरलं, आणि सगळा वर्कफ्लो हातानं चालवलेला माणूस समोरच्या गॅलरीत बसून मला बोलावत होता. तीन वर्षांमागे काका गेले. खिशातल्या फोनमध्ये रेकॉर्डर होता, त्यावर मी काय रेकॉर्ड केलं होतं? स्टँडअप मीटिंगा.

१९६३ साली विशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे. गणित तुम्हीच करा.

तर घरी निघायच्या आधी समोरच्या काकूंकडे गेलो. काकू पंच्याऐंशीच्या आहेत, कान जरा कमी, स्मरण टकाटक. म्हटलं, काका काही लिहून ठेवायचे का? म्हणाल्या, "लिहायचे कशाचे रे, बोलायचे नुसते. ऐकायला कोणी नाही, म्हणून मलाच सांगत राहायचे." मग तुम्हाला आठवतं का काही? "आठवते न. सगळंच आठवते. पण आता सिरियलची वेळ झाली, तू पुढच्या वेळी ये."

पुढच्या शुक्रवारचं रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय. वेटिंग चौदा.