भट्टीत आपलाही एक पत्रा

रमजानचे शेवटचे दिवस आले की फलटणमध्ये बेकरीसमोर पराती घेतलेल्या बायका-मुलांची रांग लागायची. मैदा, रवा, डाळीचे पीठ, तूप, पिठीसाखर सगळे घरून न्यायचे. नानकटाईचे गोळे तिथेच बसून पत्र्यावर लावायचे आणि पत्रा ओळखू यावा म्हणून नावाची चिठ्ठी ठेवायची. दिवाळीच्या आधी हीच रांग शेजारच्या काकू-मावश्यांची असे. आता घरात ओव्हन आले, दुकानात तयार डबे आले आणि रांग आटली. गेली दोन वर्षे आम्हीही ईदची नानकटाई विकतच आणली, हे आधी कबूल करतो.

भट्टीचा हिशेब साधा असतो. रात्री पीठ मळून फुगायला ठेवायचे. विटा चांगल्या तापल्या की आधी लादीपाव. धग उतरू लागली की बिस्किटे, नानकटाई. उरलेल्या मंद उष्णतेवर टोस्ट वाळवायचे. भट्टी भरलेली असो वा अर्धी रिकामी, जाळ तेवढाच लागतो. म्हणून आपला एकेक पत्राही बेकरीवाल्याला आधार असतो.

फ्रान्समधल्या खेड्यांतही एकेकाळी लोक घरी मळलेले पीठ गावच्या सामाईक भट्टीवर नेत. पुढे गावोगावी बेकऱ्या झाल्या आणि मग कारखान्याचा पाव आला. १९७० च्या सुमारास तिथे सुमारे ५५ हजार बेकऱ्या होत्या, आता साधारण ३५ हजार उरल्या आहेत. सरकारने १९९३ मध्ये नियम केला: ‘पारंपरिक फ्रेंच पाव’ म्हणून जो विकायचा, त्याचे पीठ गोठवायचे नाही आणि त्यात रासायनिक भर घालायची नाही. १९९८ च्या कायद्याने, जो स्वतः मळतो आणि तिथेच भाजतो त्यालाच दुकानावर ‘बेकरी’ अशी पाटी लावता येते. २०२२ मध्ये बागेत या लांब पावाची कारागिरी युनेस्कोच्या वारसा यादीत गेली.

धुराचा प्रश्न खरा आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. आज ना उद्या ही वेळ आपल्याकडेही येईल. येऊ द्या. फ्रान्सचा तो कायदाही जाळ कशाचा हे विचारत नाही, पीठ कुणी आणि कुठे मळले हे विचारतो. इंधन बदलले तरी चालेल, मळणारे हात टिकायला हवेत.

आणि ते कायद्याने टिकत नाहीत, गिऱ्हाइकाने टिकतात. सेहरीला आपल्याला ताजा पाव मिळावा म्हणून तो कारागीर रात्रभर जागा असतो. शेजाऱ्याचा हक्क आपण मानतो, मग हाही आपला शेजारीच. या ईदला आम्ही परात घेऊन बेकरीवर जाणार आहोत. मुलांनाही नेऊ, गोळे त्यांनाच लावू देऊ. तुम्हीही या. भाजणावळ देताना मात्र घासाघीस नको.