भाड्याने दिलेलं वऱ्हाड

वेगळा विदर्भ हवा की नको, यावर आमच्याकडे जेवणाच्या ताटावर वाद होतात. होऊ देत. पण "नागपूर-वऱ्हाड पूर्वीपासून एकच" हे ऐकलं की मला राहवत नाही. प्राचीन विदर्भ आणि भोसल्यांचा वऱ्हाडातला अंमल बाजूला ठेवू. मी इंग्रजी अमलाबद्दल बोलतोय.

१८५३ मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं. त्याच वर्षाअखेर नागपूरचे तिसरे रघूजी वारले आणि त्यांचं राज्य खालसा झालं. दोन्हीकडे साहेबच, पण वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली, नागपूरचा कारभार निराळा. सालारजंगांनी वऱ्हाड परत मागून पाहिलं, व्यर्थ. १९०२ मध्ये कर्झनने ते वर्षाला २५ लाखांच्या कायम भाडेपट्ट्याने घेतलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं. कागदोपत्री मालक मात्र निजामच! १९३६ मध्ये त्याच्या थोरल्या मुलाला 'वऱ्हाडचे राजपुत्र' अशी पदवीसुद्धा मिळाली. या साऱ्यात अकोल्याच्या शेतकऱ्याला कुणी विचारलं?

वेगळं राज्य खुशाल मागा. पण आधार सिंचनाचा, कापसाच्या भावाचा घ्या. इतिहासाचा घेतलात, तर ही गाठ मारणारा लॉर्ड कर्झन निघतो.