पोरांना अडकू द्या, पण शब्दात नको

मूल कुठेच अडकता कामा नये, असं हल्ली शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत ऐकायला मिळतं. ऐकायला बरं वाटतं, पण मला ते धोक्याचं वाटतं. अडकणं दोन प्रकारचं असतं, आणि आपण नेमकं चुकीचं अडकणं जपून ठेवलंय.

एका जुन्या खेळाचं उदाहरण देतो. आजच्या पोरांनी त्याचं नावही ऐकलेलं नसेल. १९७६ च्या सुमारास विल क्राउदर नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने आपल्या मुलींसाठी संगणकावर गुहेचा एक खेळ बनवला. त्याला स्वतःला गुहा धुंडाळायचा नाद होता. पुढच्या वर्षी डॉन वूड्सने त्यात भर घातली. खेळात चित्र एकही नाही. तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे, हे संगणक शब्दांत सांगतो. काय करायचं ते आपण एकदोन शब्दांत टाइप करायचं.

त्यात एक पक्षी आहे. पिंजरा जवळ असूनही तो हाती लागत नाही. कारण काय, तर तुमच्या हातात एक काठी आहे आणि पक्षी तिला घाबरतो. काठी खाली ठेवली की पक्षी सापडतो, आणि पुढे वाट अडवून बसलेल्या सापाला तोच पळवून लावतो. माणसं अशा जागी दिवसदिवस अडकायची. पण उत्तर समोरच होतं, फक्त नीट वाचायचं होतं. हे अडकणं इमानदारीचं. अमीर खुसरोच्या नावावरच्या पहेल्यांत एक जात अशीच आहे, बूझ पहेली. तिचं उत्तर पहेलीच्या शब्दांतच लपलेलं असतं. ऐकणारा डोकं खाजवतो, आणि सापडल्यावर स्वतःवरच हसतो.

अशा खेळांत दुसरंही एक अडकणं होतं. दार कसं उघडायचं हे खेळणाऱ्याला कळलेलं असायचं, पण त्याने लिहिलेला शब्द यंत्राच्या यादीत नसायचा. यंत्र सरळ सांगायचं, हा शब्द मला कळत नाही. मग बसा क्रियापदं बदलत. इथे खेळणाऱ्याची अक्कल कमी पडलेली नसायची, यंत्राचा शब्दसंग्रह तोकडा असायचा.

आता आपले वर्ग बघा. परंडा तालुक्यातल्या आमच्या सोनारीत काय किंवा सोलापुरात काय, घरी दखनी बोलणारं पोरगं मराठी शाळेत येतं. आईच्या आईला काय म्हणतात? ते लिहितं, नानी. पुस्तकात 'आजी' आहे, म्हणून फुली. तोंडी उत्तरात 'पाणी'चं 'पानी' झालं की वर्ग हसतो आणि गुरुजीही हसतात. उत्तर त्याला येत होतं की नाही, हे कुणी विचारत नाही. गंमत म्हणजे दखनीतलं 'नक्को' आपल्याच मराठीच्या 'नको'तून गेलंय. शेतमजुराच्या पोराने 'प्यायलो'ऐवजी 'पिलो' लिहिलं की त्याचीही हीच गत. प्रमाण मराठी शिकवूच नये असं मी म्हणत नाही. मी तीच शिकवून पोट भरतो. पण गणिताच्या, परिसर अभ्यासाच्या पेपरात शब्दासाठी गुण कापणारा मास्तर म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचं ते यंत्र.

आणि जिथे अडकायला हवं तिथे? तिथे गाईड हजर, अपेक्षित प्रश्नसंच हजर, मोबाईलवर व्हिडिओ हजर. शाब्दिक उदाहरण वाचून होण्याआधी पोराचा अंगठा शेवटच्या पानावर. काठी खाली ठेवून बघावी, हे त्याला सुचणार कधी?

यावर लोक म्हणतात, सर, ज्याच्या घरात कुणी शिकलेलं नाही त्याला गाईडशिवाय कोण आहे? हा मुद्दा खरा आहे, मी तो झटकून टाकणार नाही. ऊसतोडीला गेलेल्या बापाने पोराचा अभ्यास कधी घ्यायचा? पण आधार देणं आणि उत्तर देऊन टाकणं यात फरक आहे. इन्फोकॉम या कंपनीचे असेच शब्दांचे खेळ होते. अडकलेल्यांसाठी ती सूचनांच्या पुस्तिका विकायची. त्यातला मजकूर अदृश्य शाईत छापलेला असे. सोबतचा खास पेन फिरवला की एक ओळ उमटायची, तीही नुसता इशारा. भागलं नाही तर पुढची ओळ, जरा स्पष्ट. पूर्ण उत्तर अगदी शेवटी. धंदा करणाऱ्या कंपनीला जे कळलं ते बीएड करून आलेल्या आपल्याला कळू नये? गरिबाच्या पोराला असा पायरीपायरीने इशारा देणारं माणूस हवंय, आणि त्याचा पगार सरकार आपल्याला देतंच आहे.

येत्या चाचणीत कुणी 'नानी' लिहिलेलं दिसलं, तर गुण द्या आणि शेजारी 'आजी' लिहून द्या. आणि उदाहरण सुटत नाही म्हणून कुणी टेबलाशी आलं, तर उत्तर सांगू नका. प्रश्न पुन्हा मोठ्याने वाचायला लावा.