लखोबाची सोय नव्हे

नंतर नाकारता येईल अशी संगणकीय ओळखपद्धती आखायची म्हटली की आक्षेप तयारच असतो: ही तर नाटकातल्या लखोबा लोखंडेची सोय! आधी ओळख पटवायची, मग ‘तो मी नव्हेच’ म्हणून मोकळे. आक्षेप चटकदार आहे, पण लागू पडत नाही. लखोबा समोरच्यालाच फसवतो. इथे समोरच्याची खात्री पुरती पटायलाच हवी; गुप्त किल्लीवाचून कोणी आत शिरला तर ती पद्धत बाद. वाद एवढाच, की त्या खात्रीचा दाखला समोरच्याने तिसऱ्याला दाखवत फिरावे का? तसा दाखला हवा असेल तर डिजिटल सही आहेच. नुसते आत जायला सही कशाला?

अशी सही पुढे कुठे जाते ते २०१६ मध्ये दिसले. अमेरिकेतल्या निवडणुकीतले एक प्रचारप्रमुख जॉन पोडेस्टा यांच्या चोरीला गेलेल्या ईमेल विकिलीक्सने छापल्या, आणि त्यांतल्या अनेकांचा खरेपणा डीकेआयएम सहीवरून कोणालाही तपासता आला. ती सही होती बनावट मेल ओळखण्यासाठी. पत्रकारांचे काम सोपे झाले, खरे. पण खंडणीखोराचेही असेच होते.

जाणकारांचा आक्षेप वेगळा आहे. श्नॉर यांची १९८९ची ओळखपद्धती झिरो-नॉलेज, म्हणजे गुपित न उघडता ते जवळ असल्याचे पटवणारी, आहे, मग नाकारण्याची सोय तिच्यात आपोआप आलीच, असे ते म्हणतात. आली, पण पडताळणारा सरळ असेल तरच. या पद्धतीत ओळख पटवणारा आधी एक आकडा पाठवतो, पडताळणारा यादृच्छिक आव्हान देतो, मग उत्तर येते. आव्हान आणि उत्तर आधी ठरवून पहिला आकडा उलटा काढता येतो; म्हणजे असा संवाद कोणीही घरबसल्या रचू शकतो, आणि म्हणूनच तो पुरावा ठरत नाही. मात्र लबाड पडताळणाऱ्याने आव्हान यादृच्छिक न निवडता त्या पहिल्या आकड्याचाच हॅश काढून दिले, तर उलटा मार्ग बंद होतो. मग तोच संवाद श्नॉरची सही बनतो, आणि ती देणाऱ्याला पत्ताही नसतो! यावर उपाय आहे: पडताळणाऱ्याने आव्हान आधीच बंद पाकिटात घालून द्यावे, पहिला आकडा त्यानंतर यावा. एक फेरी वाढते. ती वाढू द्यावी.

न्यायालये स्क्रीनशॉटही विचारात घेतात, मग या खटाटोपाचा उपयोग काय, असेही विचारले जाते. कोर्टात फारसा नाही, हे मान्य. पण स्क्रीनशॉटवर शंका घेता येते. गणिती शिक्क्यावर ती घेणे फार अवघड. तो शिक्का वापरणाऱ्याला न विचारता उमटवणारी पद्धत सुरक्षित म्हणवून घेण्याच्या लायकीची नाही.