चिमण्यांच्या पेट्या आणि आमची भूतदया

मार्च महिना उजाडला कीं आमच्या नगर जिल्ह्यांत (२०२४ पासून कागदोपत्रीं अहिल्यानगर जिल्ह्यांत) शाळांच्या व्हरांड्यांतून, पतपेढ्यांच्या आवारांतून आणि बंगल्यांच्या बागांतून लांकडी पेट्या टांगण्याचा सोहळा सुरू होतो. नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची संस्था यांनीं २०१० सालीं २० मार्च हा दिवस चिमण्यांचा म्हणून पाळण्याची प्रथा पाडली. तेव्हांपासून तो आमच्या पंचांगांतला एक सणच होऊन बसला आहे. भाषणें होतात, नारळ फुटतो, पेटी टांगणाऱ्या हातांचें छायाचित्र निघतें. या सोहळ्याला आमचा विरोध नाहीं. आमचें भांडण आहे तें २१ मार्चशीं.

कारण त्या दिवसापासून पेटीकडे कोणी पाहत नाहीं. गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं एका शाळेच्या व्हरांड्यांतील पेटी उतरविली. ती उघडण्याची सोयच नव्हती. चारी बाजूंनीं खिळे ठोकलेले आणि ते गंजलेले. अखेर मागची फळी उचकटावी लागली. आंत गवत, कोंबड्यांचीं पिसें, सुतळी, प्लास्टिकच्या गोणीचे धागे आणि कोणा मुलीच्या वेणीच्या रिबिनीचा एक तुकडा, असा थरावर थर भोकाच्या कडेपर्यंत दाटला होता. खालच्या एका थरांत पिलाचा सांगाडा सांपडला. त्याच्या पायाला गोणीचा धागा घट्ट गुंडाळलेला होता. पिलूं उडण्याजोगें झालें होतें. धाग्यानें त्याला जाऊं दिलें नाहीं, आणि त्याच्याच अंगावर पुढच्या विणीचें घरटें रचलें गेलें. पेटीच्या दर्शनी फळीवर देणगीदाराचें नांव मात्र ठळक अक्षरांत शाबूत होतें.

चिमणी जुनें घरटें उपसून टाकीत नाहीं, त्यावरच नवें रचते. अंडीं अकरा ते चौदा दिवसांत फुटतात, पुढें पंधरवड्याच्या आसपास पिलें उडतात, आणि लागलीच दुसरी तयारी. वर्षांतून दोन-तीन वेळां, कधीं त्याहूनही अधिक. थर चढत चढत भोकाशीं आला म्हणजे पिलें पेटीच्या तळाशीं न राहतां उंबरठ्यावरच येऊन बसतात, आणि कावळ्याची चोंच किंवा मांजराचा पंजा त्यांच्यापर्यंत सहज पोंचतो. शिवाय जुन्या काडीकचऱ्यांत रक्त शोषणारे बारीक किडे वाढतात. दिवसा ते फटींत दडतात, रात्रीं पिलांच्या उघड्या अंगावर चढतात. म्हणजे पेटी लावून आपण आसरा दिला कीं सांपळा मांडला, हें तिच्या साफसफाईवर ठरतें.

आमच्या एका स्नेह्यांनीं हें ऐकून दोन आक्षेप घेतले. पहिला असा, कीं मनुष्याचा हात लागलेलें घरटें पक्षी टाकून देतात. हा समज फार जुना आहे आणि बव्हंशीं खोटा आहे. पक्षी घरटें सोडतात तें वारंवार त्रास दिल्यामुळें, हाताच्या वासामुळें नव्हे. आणि आम्ही तर रिकाम्या पेटीविषयींच बोलत आहों. दुसरा आक्षेप जरा बळकट: रानांत कोण झाडू मारतो? परंतु चिमणी रानांतली नव्हे, ती आमच्या घरांतली. नगरकडच्या धाब्याच्या घरांत पांढऱ्या मातीच्या भिंतींतील भोकें, तुळयांवरच्या खांचा, वळचणी, आणि विशेषतः तसबिरींच्या मागचा तो तिरपा कोन, हीं तिचीं बिऱ्हाडें. एक बिघडलें तर दुसरें होतें. आणि झाडूही होता. दिवाळीपूर्वीं तसबिरी उतरत, मागच्या काड्या निघत, भिंतींना पोतेरें फिरे, तसबिरी पुन्हां जागेवर जात. आमच्या आज्यांना कोणी पापी म्हटलें नाहीं, आणि चिमण्याही रुसल्या नाहींत. सिमेंटच्या गुळगुळीत घरांनीं तीं बिऱ्हाडें मोडलीं, त्यांच्या बदल्यांत आम्हीं पेटी दिली. झाडू तेवढा देण्याचें विसरलों.

या विसराळूपणाची आम्हांला अधिक लाज वाटावी असा एक दाखला युरोपांत आहे. नेदरलंड्सच्या बाजूस पूर्वीं लोक भिंतींवर मातीचीं मडकीं टांगीत. त्यांत साळुंकीच्या कुळांतले पक्षी घरटीं करीत, आणि त्यांचीं पिलें काढून हे लोक खात. त्याकरितां मडक्याला मागून हात जाईल एवढें भोंक मुद्दाम ठेवलेलें असे. पिलें खाणाऱ्याला जें सुचलें, तें पिलांवर दया करणाऱ्याला सुचूं नये!

इंग्रजी पुस्तकें शरद ऋतूंत पेट्या धुवाव्या असें सांगतात. तिकडे तें ठीक आहे. तिकडची वीण हिवाळ्यापूर्वीं आटोपते. आमच्याकडे असा नेम नाहीं, म्हणून येथें पंचांग न पाहतां पेटीच पाहिली पाहिजे. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कोणी आंत-बाहेर करीत नाहीं अशी खात्री झाल्यावर पेटी उतरवावी. आंत अंडें दिसलें तर मुकाट्यानें परत टांगावी. नाका-तोंडाला ओला रुमाल बांधून सारा कचरा काढावा, उकळतें पाणी ओतावें आणि पेटी उन्हांत खडखडीत वाळवावी. फिनेल किंवा किड्यांची पूड यांचा मोह धरूं नये. जें किड्याला मारतें तें पिलालाही सोसत नाहीं. नव्या पेटीचें भोंक सव्वा इंचाचें असावें. त्याखालीं बसण्यासाठीं दांडी नको. तिचा उपयोग शिकाऱ्यालाच होतो. पत्र्याची पेटी तर चैत्र-वैशाखांत भट्टीच होते.

कोणी म्हणेल, चिमण्या नामशेष होत असतां हीं असलीं खुसपटें कशाला? २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांविषयींच्या अहवालानें देशभरांत एकंदरींत चिमण्यांची संख्या स्थिर असल्याचें दाखविलें आहे. घट आढळली ती मोठ्या महानगरांत. तेव्हां शेंकड्यांनीं पेट्या वाटण्याची एवढी घाई आमच्या जिल्ह्याला नाहीं.

यंदाच्या २० मार्चला शाळांनीं एकही नवी पेटी टांगूं नये. जुन्या पेट्यांपैकीं ज्या रिकाम्या असतील त्या उतरवाव्या. जी उघडत नसेल तिची मागची फळी काढून तिला दोन बिजागऱ्या आणि एक कडी बसवावी. हें काम सातवीच्या मुलांना येतें. शिडी शाळेंत नसल्यास शेजारीं मागावी, आणि भाषणाला बोलाविलेल्या पाहुण्यांना ती धरावयास सांगावें.