पाना घरात हवाच

पंक्चर झाले की सायकल ढकलत दुकान गाठायचे, हा रिवाज आता परवडत नाही. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यातही सायकलवाला शोधावा लागतो. खरे तर चाक काढणे हे घरचेच काम.

गिअरच्या सायकलची साखळी आधी सर्वांत लहान चक्रीवर आणावी, रिम ब्रेक सैल करावा आणि क्विक रिलीजची दांडी उघडावी. मागचे चाक निघते. बसवताना साखळी त्याच चक्रीवर हवी. दांडी मात्र गोल फिरवून आवळायची नसते, दाबून बंद करायची. तळहातावर वळ उमटला पाहिजे. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल, तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नये. पॅड जवळ येतात आणि डिस्क आत शिरत नाही.

साध्या काळ्या सायकलची तऱ्हा निराळी. तिथे मडगार्डच्या काड्या, कॅरिअर, स्टँड सारे एकाच नटाखाली. क्रम विसरला, की संध्याकाळ गेलीच!

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या गरजू शाळकरी मुलींना सायकली मिळतात. शाळांनी त्यांच्या हाती पाना देऊन एक तास हे कामही शिकवावे.