सिरोंचाला सांगाडा नको, चाळणी द्या

कोलकात्यात बराकपूर ट्रंक रोडवर भारतीय सांख्यिकी संस्था आहे. आकडेशास्त्रासाठी जगभर नावाजलेल्या या संस्थेच्या भूशास्त्र संग्रहालयात एक अगडबंब शाकाहारी डायनोसॉर उभा आहे, आणि तो आहे गडचिरोलीचा. सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ संस्थेच्या संशोधकांनी १९५८ ते १९६१ या काळात या जातीच्या डायनोसॉरची सुमारे तीनशे हाडे खणून काढली. १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचे जन्मशताब्दी वर्ष. म्हणून १९७५मध्ये बारसे झाले ते ‘बारापासॉरस टागोरी’ असे.

आपला आहे तर परत आणा, असे कुणालाही वाटेल. पण संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिसांनी सांख्यिकीच्या या संस्थेत भूशास्त्राचा विभाग काढला, लंडनहून जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावले, तेव्हा तिकडे लक्ष द्यायला आपल्याकडे कोण होते?

शिवाय खरी मेख सांगाड्यात नाहीच. एवढी हाडे मिळाली, पण कवटी नाही. हा प्राणी काय खात होता, याची साक्ष द्यायला उरले ते काही सुटे दात. दातावरचे एनॅमल सहसा झिजून नाहीसे होत नाही, आणि डायनोसॉरना जन्मभर नवे दात येत. त्यामुळे हाडे गेली तरी दात सापडतात.

छोट्या शाकाहारी डायनोसॉरच्या बाबतीत तर बहुधा दातावरच भागवावे लागते. सिरोंचातल्या कोटा गावावरून ज्या खडकथरांना नाव पडले, त्याच थरांतून, पण तेलंगणातल्या पैकासिगुडेममधून, जी. व्ही. आर. प्रसाद आणि वरुण परमार यांनी २०२०मध्ये असे चिमुकले दात नोंदवले. पानासारखा आकार, कडांना बारीक दाते. हे हातोडीचे काम नव्हे. चिखलखडक पाण्यात भिजवून सुटा करायचा, बारीक चाळणीतून धुवायचा, उरलेला गाळ वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्याने कण न् कण वेचायचा. कंटाळवाणे काम खरे, पण खर्च फारसा नाही.

सिरोंचाजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. तिथे बारापासॉरसची प्रतिकृती जरूर ठेवावी, मुलांना आवडेल. मूळ सांगाडा कोलकात्यातच राहू द्यावा. मात्र महाराष्ट्र शासनाने आणि गोंडवाना विद्यापीठाने सिरोंचात चाळण्या, दोन-चार सूक्ष्मदर्शक आणि स्थानिक मुलामुलींना पगारी प्रशिक्षण एवढी सोय आधी करावी.